पोटाची जबाबदारी माझ्याकडे

३ जानेवारी
उद्या जहाज. बॅगा भरून झाल्या. माझी बॅग सगळ्यात जड, कारण तिच्यात कपडे कमी आणि औषधं जास्त. जुलाबाच्या गोळ्या, उलटीच्या गोळ्या, मीठ-साखरेच्या पुड्या, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या, हाताला चोळायच्या जेलच्या बाटल्या, शिवाय इलेक्ट्रिक किटली. बायको म्हणाली, अहो, फिरायला चाललोय की दवाखाना उघडायला? मी उत्तर दिलं नाही. ज्याने सगळी नोकरी औषधांच्या कंपनीत काढली त्याने असल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात. पॅकिंगला होतो हे खरं. पण कुठलंही औषध लोकांपर्यंत जातं ते पॅकिंगमधूनच ना?

आम्ही चौघं. मी, बायको, बायकोचा धाकटा भाऊ आणि माझी ताई. ट्रिप खरी ताईची. भाऊजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला. घरी येत ते पाहुण्यासारखे. आले की बंदरांच्या गोष्टी. कुठे धक्क्यावरच मासा तळून देतात, कुठे शहाळं फोडून हातात ठेवतात, कुठे दुपारच्या उन्हात बर्फाचं सरबत मिळतं. एकदा तुला नेतो, म्हणायचे. न्यायच्या आधीच गेले. आता ताईची सत्तरी उलटलीय. बीपीची गोळी चालू, किडनी जरा नाजूक. यंदा तिनेच विषय काढला की एकदा जाऊन येऊ या. मेहुण्याने बसल्या बसल्या मोबाइलवर बुकिंग करून टाकलं. गरम हवेची बंदरं, दर दोन-तीन दिवसांनी एक.

मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, पोटाची जबाबदारी माझ्याकडे. कुणी विरोध केला नाही. मेहुणा हसला. हसणाऱ्यांचीच पोटं आधी बिघडतात.

नियम सोपा ठेवलाय. वाफ दिसली तर खा, साल निघाली तर खा, बाकी सगळ्याला लांबून नमस्कार. ताईला दोनदा म्हणून दाखवला. ती म्हणाली, छान आहे रे, शाळेत पाठ करायला द्यायला हवा.

४ जानेवारी
किटली जप्त. जहाजावर चढताना बॅगा मशीनमधून जातात, तिथे धरली. आगीचा धोका म्हणे. मी समजावून सांगितलं की ही किटली पाणी उकळते, जहाज नाही. मेहुणा मागे उभा राहून दुसरीकडे बघत होता. परत जाताना मिळेल असं सांगून पावती दिली.

बिघडत नाही. क्लोरीनच्या गोळ्या आहेत.

खोल्या दोन. बायको आणि ताई एकीत, मी आणि मेहुणा शेजारच्या खोलीत. आमच्या खोलीला खिडकी नाही. त्याऐवजी टीव्हीच्या एका चॅनेलवर जहाजाच्या पुढच्या टोकावरचा कॅमेरा लावलेला असतो, त्यात चोवीस तास समुद्र. मेहुणा म्हणाला, खिडकीपेक्षा हे बरं, बंद करता येतं.

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे अशी आरशाशेजारी पाटी. पाटी काय, कुणीही लावेल. चारही बाटल्या भरून गोळ्या टाकल्या. एका बाटलीला एक गोळी पुरते असं पाकिटावर लिहिलंय. मी दोन टाकल्या. ताईने घोट घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही. मग म्हणाली, धोब्याकडचे कपडे पिळून प्यायल्यासारखं लागतंय. म्हटलं, सवय होईल.

५ जानेवारी
बुफे हॉल पाहून थक्क झालो. सगळं काचेच्या झाकणाखाली, वाफाळतं, चकाचक. दारात हात धुवायची बेसिनं ओळीने. तिथे पांढऱ्या युनिफॉर्ममधल्या एक बाई प्रत्येकाला साबणाने हात धुवायला सांगतात. मी खिशातली बाटली दाखवली. त्या म्हणाल्या, तरीही धुवा. आता, ज्या नळाला हजार माणसांनी हात लावला तो नळ मी उघडू? मी हसून पुढे गेलो आणि रांगेतच जेल चोळलं. ताईच्या हातावरही घातलं. बायको आणि मेहुणा बेसिनकडे गेले. जावोत. माणसाला सांगता येतं, हात धरून शिकवता येत नाही.

जेवण उत्तम. तीन वेळा उठून घेतलं. प्रत्येक वेळी वाढायचा तोच चमचा, पण भांड्यात घालायच्या आधी त्यातलं अन्न वाफाळतंय ना हे मी बघत होतो.

६ जानेवारी
पहिलं बंदर. उतरल्या उतरल्या ऊन असं, की डोक्यावर तवा ठेवलाय. धक्क्याला लागूनच पत्र्याखाली एक बाई मासे तळत होती. ताई थांबली. बघतच राहिली. म्हणाली, अरे, ते सांगायचे ना, अगदी अशीच. पत्रा, कढई, कागद, आणि मागे बोटी.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मेहुणा म्हणाला, दाजी, वाफ दिसतेय बरं का. भरपूर दिसतेय.

दिसत होती हे मान्य. पण तेल कधीचं? आणि मासा ठेवला कशात, तर छापील कागदात. छपाईच्या शाईचं काय होतं ते पॅकिंगवाल्याला विचारा. मी ताईला हे सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून घेते हा तिचा मोठा गुण. म्हणाली, बरं बाबा, राहू दे. मेहुण्याने उभ्याउभ्या दोन तुकडे हाणले आणि बोटं चाटली. बायकोनेही त्याच्यातला एक तुकडा मोडून घेतला. मी पाहिलं, पण वाद घातला नाही.

मी आणि ताई जेवायला जहाजावर परतलो. बुफेत तळलेला मासा होता. ताईला वाढला. अर्धा खाऊन म्हणाली, हा वेगळा आहे.

संध्याकाळ. मेहुणा अजून ठणठणीत. पोट बिघडायला कधीकधी दिवस जातो.

७ जानेवारी
दिवसभर समुद्र. मेहुणा ठणठणीत. बायकोसुद्धा.

टेबलाशी बसलेल्या एका निवृत्त जोडप्याला माझा नियम सांगितला. नवऱ्याला फार आवडला, त्याने तो दोनदा म्हणून पाहिला. मग त्याच्या बायकोने विचारलं, तुम्ही डॉक्टर का? मी म्हटलं, औषधक्षेत्रातला. हे खोटं नाही.

नवरा गप्पा मारताना मध्येच उठून गेला. पोट जड आहे म्हणाला. काल त्याने धक्क्यावर काय खाल्लं असं मी त्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, हे खाली उतरलेच नाहीत. माणसं खरं सांगत नाहीत, दुसरं काय. त्याची अर्धी राहिलेली पावाची टोपली मी आमच्याकडे ओढून घेतली. ताजा पाव होता.

८ जानेवारी
दुसरं बंदर. आज ताईने स्वतःहून मागितलं. झाडाखाली एक माणूस शहाळी फोडत होता. ती म्हणाली, हे तर सालीचंच आहे ना? तुझ्याच नियमात बसतं.

बसतं. पण कोयता? तो कोयता सकाळपासून कशाकशातून फिरलाय? आणि प्यायचं कशाने, तर स्ट्रॉने. स्ट्रॉ कुठे ठेवल्या होत्या, तर उघड्या डब्यात. बायको म्हणाली, अहो, एक शहाळं. त्या माणसाने तिच्यासमोर फोडलं, ती प्यायली, त्यातली मलईसुद्धा खाल्ली. ताई बाजूच्या कट्ट्यावर बसून पदराने वारा घेत होती. मी माझी बाटली तिच्या हातात दिली. तिने ओठाला लावली आणि परत दिली. तहान नाही म्हणाली.

मेहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, दाजी, त्यांचे ओठ सुकलेत. तुम्ही हे काय चालवलंय? मी म्हटलं, तुला तुझ्या बहिणीचं बघायला कुणी अडवलंय? माझ्या बहिणीचं मी बघतो.

जरा जास्त झालं बहुतेक. पण एकाच्या हाती सूत्रं असली की वाईटपणाही त्यालाच घ्यावा लागतो.

परतताना बघितलं, ताईची बाटली सकाळइतकीच भरलेली. उद्यापासून ती किती पाणी पिते यावर लक्ष ठेवायचं.

९ जानेवारी, सकाळ
स्पीकरवर घोषणा. काही प्रवाशांना उलट्या-जुलाब होताहेत. प्रत्येकाने साबण आणि पाण्याने नीट हात धुवावेत, थोडाही त्रास वाटला तर लगेच जहाजाच्या डॉक्टरांना कळवावं आणि खोलीतच थांबावं.

बघा! मी नाश्त्याला सगळ्यांकडे पाहिलं. बंदरावर खाणाऱ्यांची ही फळं. ते परवाचं निवृत्त जोडपं दिसलं नाही.

९ जानेवारी, दुपार
पोटात थोडा गॅस.

९ जानेवारी, संध्याकाळ
एक उलटी. समुद्र लागला. मेहुण्याला उगाच विषय मिळू नये म्हणून खोलीतल्या बाथरूममध्ये न जाता वरच्या डेकवरच्या कॉमन बाथरूममध्ये जाऊन आलो. नंतर जेल चोळलं. दोनदा.

बायको म्हणाली, तोंड उतरलंय तुमचं. म्हटलं, समुद्र लागलाय. ती कठड्यापाशी उभी होती. बाहेर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा स्थिर. म्हणाली, हा?

डॉक्टरांना कळवायचा प्रश्नच येत नाही. कळवलं की खोलीत डांबतील. परवाचं बंदर ताईच्या मनातलं आहे, भाऊजींचं जहाज तिथे एकदा महिनाभर अडकलं होतं. तिकडे तिला हाताला धरून कोण नेणार? ताईसाठीच मी गप्प आहे.

शिवाय मेहुणा काय म्हणेल.

१० जानेवारी
रात्र बरी गेली नाही. पण सकाळी हलकं वाटलं. म्हणजे गॅसच.

ताई आज नाश्त्याला काही घेईना. चहासुद्धा अर्धा टाकला. भूक नाही म्हणाली. बायको आणि मेहुणा वर डेकवर गेले होते. मी बुफेतून एक छान संत्रं आणलं. साल निघणारं फळ, नियमातलं. ताईसमोर बसून सोललं, वरचे पांढरे दोरे एक एक काढले, बिया काढल्या आणि एकेक फोड तिच्या हातात देत गेलो. लहानपणी ती मला अशीच सोलून द्यायची. मला धागा लागला की मी थुंकायचो. तिला ते आठवलं. म्हणाली, तू फार नाटकी होतास रे. सगळं संत्रं खाल्लं तिने. शेवटच्या फोडीला म्हणाली, बास, आता तू खा. मी नको म्हटलं. माझं पोट अजून तितकं ठीक नव्हतं.

या ट्रिपमधलं हे मला सगळ्यात समाधानाचं वाटलं. हे असं काळजीने केलं तर माणूस खातो. ते शहाळी-बिहाळी हवीत कशाला?

दुपारी पुन्हा एकदा वरच्या डेकवर जाऊन आलो.

११ जानेवारी
बंदर उद्यावर गेलं, धक्का रिकामा नाही म्हणून जहाज समुद्रातच उभं आहे. लांबून किनारा दिसतो. ताई खुर्ची टाकून बघत बसली होती. तिथे टेकडी आहे, टेकडीवर पांढरी इमारत आहे. ती म्हणाली, हीच ती टेकडी असेल. भाऊजी इंजिनरूममधून वर आले की टेकडी बघायचे म्हणे. उद्या खाली उतरल्यावर एक काहीतरी खाईन हं तिथलं, तू रागावू नकोस, असं मला म्हणाली. म्हटलं, बघू.

बघूच म्हटलं मी. नाही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी ती लवकर आडवी झाली. थकवा.

१२ जानेवारी
ताई आजारी. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब दोन्ही. बायको तिला धरून बसलीय. जुलाबाची गोळी दिली, ती बाहेर आली. मीठ-साखरेची पुडी माझ्या पाण्यात कालवून दिली. वास आला तशी तिने मान फिरवली.

मला समजायला वेळ लागला नाही. मी मेहुण्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं. परवा मी नसताना तू हिला काय खायला घातलंस ते सांग. तो म्हणाला, दाजी, तुमच्या पहाऱ्यात त्या बाईला घोटभर पाणी मिळायची मारामार, मी खायला घालणार? मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. आवाज चढला असावा, दोन दारं उघडली. बायको बाहेर आली आणि मला नाही, त्याला म्हणाली, तू डॉक्टरांना फोन कर.

डॉक्टरीणबाई तरुण, शांत. ताईला व्हीलचेअरवरून खालच्या दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. मग आम्हाला एकेक प्रश्न. चार दिवसांत काय खाल्लं? मी पुढे होऊन सगळं सांगितलं. बाहेरचं काहीही नाही, बाहेरचं पाणी नाही, बर्फ नाही, सगळं माझ्या देखरेखीखाली. त्या लिहून घेत होत्या. पाणी किती प्यायल्या? मी म्हटलं, भरपूर. बायको म्हणाली, नाही हो, प्यायल्याच नाहीत, वास येतो म्हणून. किडनीचा त्रास आहे का? बायको म्हणाली, आहे. बीपीची कुठली गोळी? बायकोने नाव सांगितलं. डॉक्टरीणबाई थांबल्या आणि त्यांनी नर्सला काहीतरी हळू सांगितलं.

मग विचारलं, घरातल्या आणखी कुणाला त्रास झालाय का?

नाही, म्हटलं.

कुणालाच नाही?

नाही.

तेवढ्यात पोटात कळ आली. अशी, की उभं राहणं कठीण. मी भिंत धरली, त्यांनी बाथरूमचं दार दाखवलं. पोटानेच साक्ष दिली म्हणायची. बाहेर आलो तर बायको समोर उभी. कधीपासून, असं तिने विचारलं. म्हटलं, समुद्र लागला होता. अहो, कधीपासून? नऊ तारखेपासून, म्हटलं.

ती एकदम खुर्चीत बसली. मग म्हणाली, दहाला तुम्ही संत्रं सोललंत.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की जहाजात पसरतोय तो विषाणू हातातून तोंडात जातो, चमच्याला, दाराच्या मुठीला चिकटतो, आणि ते जेल त्याला फारसं लागू पडत नाही. साबण आणि पाणी लागतं. माणूस निरोगी असेल तर दोन दिवसांत उठतो. पण यांच्या अंगात आधीच पाणी कमी होतं, त्यात बीपीची ती गोळी, सगळा ताण किडनीवर.

ते जेल आमच्याच कंपनीचं. बाटलीवर मारायच्या जंतूंची मोठी टक्केवारी लिहिलीय. ते लेबल पॅकिंगलाच लागतं.

१२ जानेवारी, दुपार
जहाज धक्क्याला लागल्यावर ताईला खाली उतरवलं. लघवी होत नाहीये, जहाजावर सोय नाही, किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलमध्ये हलवायलाच हवं असं म्हणाल्या. बायको आणि मेहुणा बरोबर गेले. मला परवानगी नाही, कारण मी रुग्ण. खोलीत बंद.

मी म्हटलं, ती माझी बहीण आहे. बायको म्हणाली, माहीत आहे. आणि माझ्या हातातली औषधांची पिशवी घेतली नाही.

ताईला स्ट्रेचरवरून नेताना मी कॉरिडॉरच्या टोकाला उभा होतो, जवळ येऊ देत नव्हते. तिचे डोळे मिटलेले. हातावर सलाइनची पट्टी. मेहुणा बाटली उंच धरून चालत होता, सावकाश, तिच्या चालीने चालावं तसं. त्याला असं गंभीर मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जहाज सुटलं. कळलं ते जमिनीच्या थरथरीवरून. टीव्हीवरचा कॅमेरा लावला. तो फक्त पुढचं दाखवतो. किनारा मागे असतो, तो दाखवायची सोय नाही.

१३ जानेवारी
दाराबाहेर ट्रे ठेवतात आणि टकटक करून निघून जातात. टोस्ट, पातळ सूप, भात. नळाचंच पाणी पितोय. काही वास नाही त्याला.

बायकोला मेसेज केला. एक, हॉस्पिटलमध्ये फक्त सीलबंद बाटलीचं पाणी. दोन, कॅन्टीनचं काही नको. तीन, ताईला फळं सोलून

तिसरा पाठवला नाही.

उत्तर आलं, ठीक.

आणखी विचारलं, किडनीचं काय म्हणतात? उत्तर नाही. मग फोन लागेना. मेहुण्याचा लावला. तो म्हणाला, दाजी, अजून काही सांगता येत नाही, उद्या रक्त तपासणार. तुम्ही कसे आहात? मी म्हटलं, मी एकदम ठणठणीत. तो हं म्हणाला. आवाजात टोमणा शोधत होतो. नव्हता.

१४ जानेवारी
ताईला डायलिसिस लागेल की नाही ते आज ठरणार होतं. ठरलं नाही. उद्या.

डोक्यात हिशेब चालू आहे. दोष फक्त संत्र्याचा नसणार. बुफेचे चमचे होते, ती पावाची टोपली होती, त्या निवृत्त माणसाने आपला आजार लपवला. माणसं आजार का लपवतात कळत नाही. शंभर जणांना धोका. बेजबाबदारपणा. त्याच्यावर तक्रार करावी असं ठरवलं आणि रिसेप्शनला फोन उचलला. पलीकडून विचारलं, बोला, काय मदत करू? साबण पाठवा, म्हटलं.

दोन वड्या आल्या.

१५ जानेवारी
बायकोचा मेसेज. लघवी सुरू झाली. डायलिसिस नको म्हणाले.

बराच वेळ स्क्रीन बघत बसलो. मग उठून टीव्हीचा कॅमेरा बंद केला.

विमानाने तिकडे येतो असं कळवलं. कुठून, कसं, ते सगळं शोधून ठेवलं होतं. बायकोचा फोन आला. म्हणाली, नको. डॉक्टरांनी तिला आठवडाभर इथेच ठेवायला सांगितलंय. आम्ही दोघं आहोत. तुम्ही जहाजाने पूर्ण करा आणि घरी जा. मी म्हटलं, अगं, तिच्या खाण्यापिण्याचं कोण बघणार? बायको म्हणाली, ते आता तिचं ती बघणार. डॉक्टर सांगतील ते, आणि तिला आवडेल ते. तुम्ही त्यात पडू नका. आवाज चढवला नाही तिने. संसारात इतक्या वर्षांत तिने मला कशात पडू नका असं पहिल्यांदाच सांगितलं. म्हणजे पूर्वी सांगितलं असेल, पण आज मला ऐकू आलं.

खोलीतून सुटका. डॉक्टरीणबाईंनी तपासून सोडलं. म्हणाल्या, आता तुम्ही मोकळे, हवं ते खा. उद्या शेवटचं बंदर आहे, फिरून या.

१६ जानेवारी
शेवटचं बंदर. उतरलो. रस्ता, दुकानं, खाण्याच्या गाड्या, माणसांची गर्दी. एका गाडीपाशी थांबलो. गाडीवाल्याने विचारलं, काय देऊ? माझ्या मागे कुणी नव्हतं. ज्याला नको म्हणायचं असं कुणी नव्हतं. जरा वेळ उभा राहिलो आणि जहाजावर परत आलो.

बुफेत चौघांचं टेबल मिळालं. वेटर उरलेल्या तीन खुर्च्यांसमोरच्या प्लेटा उचलून घेऊन गेला.

तेवढ्यात फोन वाजला. बायको असेल म्हणून घेतला, तर ताई. स्वतः. आवाज विहिरीतून आल्यासारखा. काय बोलावं ते मी तीन दिवस ठरवत होतो. नुसतं ताई, ताई म्हणत राहिलो. ती म्हणाली, अरे, हो हो, आहे मी. खिडकीतून बंदर दिसतं इथल्या. बोटी येतात जातात. मी म्हटलं, ताई, ते संत्रं. ती म्हणाली, गोड होतं रे.

मग तिनेच विचारलं, जेवलास का?

हो, म्हटलं.

काय होतं?

समोर बुफे होता. बघत बघत सांगत गेलो. सूप होतं, भात होता, मासा होता, तळलेला, पाव होता, फळं होती. ती प्रत्येकाला हं, हं करत होती, लहान मुलाचं ऐकावं तसं. म्हणाली, बरं झालं. पोटभर जेवत जा. एकटा आहेस.

फोन तिनेच ठेवला. माझी प्लेट कोरी होती.